दुसऱ्याच्या भिंतीवर

“ताई, छोटंसंच काम आहे,” अशी सुरुवात झालेलं काम कधीच छोटं नसतं. चोवीस पानांचं मुलांचं पुस्तक, गोष्ट जेमतेम सहाशे शब्दांची, आणि तीत लेखकाने कावळा बसवलेला असतो ‘झाडावर’. एवढं लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकाराची पंचाईत तिथून सुरू होते, कारण नुसतं झाड काढताच येत नाही. काढायला घेतलं की ते कडुनिंबाचं होतं, नाहीतर वडाचं, नाहीतर बाभळीचं. आणि कडुनिंब म्हटला तर चैत्रातला की पानगळीतला, हेही ठरवावं लागतं. लेखकाला विचारावं तर म्हणतात, “तुम्हाला आवडेल ते काढा हो.” आपल्याला आवडेल ते काढलं की मग कळतं, त्यांच्या मनात आंबा होता.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी चित्रं काढते. अंतराचा तसा काही त्रास नाही. फाइल मेलने जाते, पैसे येतात तेव्हा बँकेत येतात. गंमत होते ती चित्रात. एका गोष्टीत ‘जुना वाडा’ होता. मी मन लावून काढला: वालुकाश्माची कमान, नक्षीच्या घोड्यांवर पेललेला दगडी छज्जा, खिडकीला दगडातच कोरलेली जाळी, चौकात तुळस. संपादकबाईंचा निरोप आला, “वाडा सुंदर झालाय, पण आपला वाटत नाही.”

आता हा आमचा पणजोबांपासूनचा वाडा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती पुढे उठलीच नाही. तिचंच शहर झालं. चिटणीस, फाळके, पाटणकर, निंबाळकर ही नावं इथल्या गल्ल्यांना आणि बाजारांना अजून चिकटून आहेत. सरदारांनी वाडे बांधायला सांगितले असतील तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सागवानी खांब, विटांच्या भिंती, दिंडीदरवाजा, कोनाडे असंच काहीतरी असणार. पण बांधणारे हात इथले, दगड इथला. सांगणाऱ्याने ‘वाडा’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याने आपल्याला येत होता तो वाडा बांधला. माझ्या मते ती चित्रकारीच. मी पुण्याच्या मुलांसाठी सागवानी खांब काढून दिले, जाळी मात्र एका खिडकीला ठेवली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

कामाची पद्धत विचारणारे लोक रंग कुठले, कागद कुठला, टॅबलेट कुठला, हे विचारतात. हवा कुठली, हे कुणी विचारत नाही. जलरंगाचा सगळा खेळ वाळण्याच्या वेगावर असतो. आकाशाचा वॉश द्यायचा तर कागद सगळीकडे सारखा ओला हवा, आणि वरून खाली येईपर्यंत तो ओलाच राहायला हवा. मुंबईच्या हवेत तो इतका वेळ ओला राहतो की माणूस मध्ये चहा घेऊन येईल. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, ब्रश पलीकडच्या कडेला पोचायच्या आत अलीकडची कड सुकते आणि आकाशाच्या मधोमध कडक रेघ उमटते. ती पुसायला गेलं की आणखी घट्ट होते. यावर माझा उपाय म्हणजे कूलर. वाळ्याच्या पडद्यातून येणारी ओलसर हवा थेट टेबलावर न घेता भिंतीवर आपटून घ्यायची. मग कागदाला थोडा धीर येतो. पहाटे पाच ते आठ एवढ्यात आकाशं उरकायची आणि उन्हं चढली की पेनाचं काम करायचं. ज्या पुस्तकांची चित्रं मी उन्हाळ्यात केली त्यांत आभाळ कमी आहे आणि घराच्या आतले प्रसंग जास्त आहेत. समीक्षकांना यात काही आशय सापडला तर मला आनंदच होईल.

आमच्या गावाला हा धंदा नवा नाही. माधौगंजकडे चितेरा ओली नावाची गल्ली आहे. चितेरे म्हणजे घरोघरी जाऊन भिंती रंगवणारे. लग्न निघालं की दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, घोडे, द्वारपाल आणि वर गणपती काढायला त्यांना बोलावणं जायचं. तेही फ्रीलान्सरच: मोसमावर पोट, भिंत दुसऱ्याची, विषय ठरलेला, आणि “हत्ती जरा मोठा करा” म्हणणारा यजमान शेजारी उभा. त्यांच्या हत्तींवर सही नसायची. पुढच्या लग्नात चुना फिरायचा आणि नवा हत्ती यायचा.

पण मला वरचेवर आठवतात ते वेगळेच कामकरी. किल्ल्याच्या पायथ्याला गुजरी महाल आहे, राजा मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेला. तिथे १९२२ पासून संग्रहालय आहे. लोक येतात ते ग्यारसपूरची शालभंजिका पाहायला. तिला कुलुपात ठेवलेलं आहे, त्यामुळे तिचा दिमाखही तसाच. तिला पाहून झालं की बहुतेकांचे पाय दुखायला लागतात. मग बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती जिथे लावल्या आहेत तिथून मंडळी झपझप पुढे जातात. गर्दी नसते म्हणून मला तिथे बरं वाटतं, हेही खरं.

बाघ आज धार जिल्ह्यात आहे. तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. बाघिनी नदीकाठच्या डोंगरात नऊ बौद्ध लेणी, त्यांतलं चौथं ‘रंगमहाल’. मातीच्या जाड गिलाव्यावर रंगवलेली चित्रं, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. तिथला दगड ठिसूळ, त्यात वरून पाणी झिरपणारं, आत वटवाघळं आणि मुक्कामाला आलेल्यांच्या शेकोट्यांचा धूर. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांना दिसत होतं की भिंत फार दिवस टिकणार नाही. तेव्हा १९२१ च्या सुमारास प्रती करवून घेण्याचं ठरलं. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्या जोडीला ए. बी. भोसले, बी. ए. आपटे, एम. एस. भांड आणि व्ही. बी. जगताप हे चौघे होते; आडनावांवरून तरी आपलेच. पहिल्या तिघांवर ग्रंथ लिहिले गेले. उरलेल्या चौघांची आद्याक्षरं उरली.

काम काय होतं? स्वतःचं काही करायचं नाही, हेच काम. भिंतीवर जे आहे तेवढंच आणि तसंच उतरवायचं. एक बाई दुःखाने मोडून पडली आहे, पदराआड तोंड लपवते आहे. शेजारी बसलेली दुसरी तिची समजूत घालते आहे. पुढे फेर धरून नाचणाऱ्या बायका, मग घोडेस्वारांची आणि हत्तींची मिरवणूक. ही सगळी चित्रं कोणत्या तरी गोष्टीची आहेत हे उघड आहे. पण नेमकी कोणती गोष्ट, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मजकूर गहाळ झाला आणि चित्रं उरली. पुढे चित्रांचीही तीच गत झाली: भिंतीवर जे काही शिल्लक होतं ते १९८२ मध्ये गिलाव्यासकट काढून संग्रहालयात हलवावं लागलं. आज भोसले-आपटे-भांड-जगतापांच्या हाताखालून गेलेल्या बारीकसारीक रेषा पाहायच्या तर प्रतीच पाहाव्या लागतात.

प्रतीसमोर उभं राहिलं की माझी नजर चेहऱ्यांआधी पोपडे उडालेल्या जागांकडे जाते. नाचणारीचा हात कोपरापर्यंत येतो आणि पुढे नुसता मातकट डाग. ज्याला हात काढता येतो त्याला तिथे थांबणं किती जड गेलं असेल! चार बोटं काढायची, कुणाला कळणार होतं? मुलांच्या पुस्तकात मला मजकुरासाठी पानाचा तिसरा हिस्सा कोरा सोडावा लागतो, आणि तो सोडलेला दिसला की हमखास फोन येतो, “इथे जरा रिकामं रिकामं वाटतंय, एखादं फुलपाखरू टाका ना.” अशा किती फुलपाखरांचं पाप माझ्या डोक्यावर आहे ते मोजलेलं नाही.

आणि तरी, हुबेहूब म्हणजे काय, हे इतकं सोपं नाही. अजिंठ्याच्याच प्रती घ्या. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनला जळाली. मग जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा सगळं केलं. त्यातलंही बरंच लंडनमध्येच आगीत गेलं. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्या चमूत तरुण नंदलाल आणि हालदार होते. भिंत तीच, सूचना तीच, हुबेहूब करा. पण ग्रिफिथ्सच्या प्रतीत गाल गोलाई घेऊन पुढे येतो, छाया-प्रकाश खेळतो, कारण हात युरोपीय पद्धतीच्या स्कूलमध्ये तयार झालेला. हेरिंगहॅमच्या चमूच्या प्रतींत रंग पातळ आणि भर रेषेवर. दोघांनीही आपण काहीच भर घालत नाही, असंच मानलं असणार.

म्हणून नव्या मुलांनी “दीदी, माझी स्टाईल अजून सापडत नाही” अशी काळजी केली की मला हसू येतं. स्टाईल लपवता आली तर सांगा म्हणावं. बाघला सात जण एकेका भिंतीपुढे स्वतःला पुसायला बसले होते आणि ते कुणालाही पूर्ण साधलं असेल असं मला वाटत नाही. मुंबईचे दिवाळी अंक आमच्याकडे दिवाळी उलटल्यावर पोचत. तेव्हा मुखपृष्ठावरची बाई दलालांची की मुळगावकरांची, हे घरातली पोरं सही न बघता सांगत. दोघेही संपादकाने सांगितलेलंच काढत होते.

नंदलाल बोस ग्वाल्हेरला आणखी एका वाटेने आले आहेत. महाराज बाड्यावरच्या केंद्रीय ग्रंथालयात भारतीय संविधानाच्या मूळ सचित्र आवृत्तीची एक प्रत जपून ठेवलेली आहे. चित्रकाराला याहून कठीण मजकूर कुणी दिला नसेल: त्यात ना कावळा, ना झाड. कलम, उपकलम, परंतुक. नंदलालांनी आणि कलाभवनातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी बावीस भागांच्या माथ्यावर मोहेंजोदडोच्या बैलापासून दांडीयात्रेपर्यंतचा इतिहास मांडला. कलमांचा अर्थ चित्रात सांगायच्या फंदात ते पडले नाहीत, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. मजकुराशेजारी चालायचं, त्याच्या खांद्यावर बसायचं नाही. उद्देशिकेच्या पानाची वेलबुट्टी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची. कोपऱ्यात त्यांनी बारीकसं ‘राम’ एवढंच लिहिलं आहे. माहीत नसेल तर ते वेलबुट्टीचाच भाग वाटावं.

नावाचा प्रश्न कायद्यातही मोठा मजेदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. म्हणजे वाडा त्यांचा, जाळीसुद्धा त्यांची. पण त्याच कायद्याचं सत्तावन्नावं कलम म्हणतं की हक्क विकले तरी ‘हे मी केलं’ असं म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. मला ही वाटणी पटते. चित्र घरी ठेवून मी तरी काय करणार? कपाटात आधीच जागा नाही.

बाघच्या लेण्यांवर १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथ काढला. त्यात मार्शल, गर्दे, फोगल, हॅवेल अशी भारदस्त मंडळी लेखक म्हणून आहेत. पण प्रती करणाऱ्या सातही जणांची नावं त्या कामाशी जोडलेली राहिली, म्हणून तर मी ती आज लिहू शकते. हे कळल्यापासून मी करारात एक ओळ स्वतःहून घालते: चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाखाली. बहुतेक जण आता कुरकुर न करता मान्य करतात. एका प्रकाशकांनी मात्र करार वाचून फोन केला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “नाव पुढे टाकायचं म्हणजे ताई, मानधन थोडं कमी होईल ना?”