बेरजेतून गळलेला महाप्रसाद

संपादकांना एआयवर लेख हवा होता. ‘बंगळुरूत आहात, म्हणजे तेच करत असणार.’ मी म्हटलं, मी बेरजा करते. पलीकडे जरा वेळ शांतता पसरली.

म्हणून आधी खुलासा. सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत आम्ही लेखनाचं सॉफ्टवेअर बनवतो: अहवाल, इतिवृत्त, प्रस्ताव असल्या कामांसाठी. गेली तीन वर्षं माझ्याकडे एकच काम आहे, त्या लिखाणात सूत्रं आणण्याचं. ‘यंदा शिल्लक इतके रुपये’ या वाक्यातला आकडा खालच्या तक्त्यातून आपोआप यावा, आणि तक्ता बदलला की वाक्यानंही बदलावं, एवढीच अपेक्षा. ‘त्यासाठी एक्सेल आहे की!’ हे मला प्रत्येक लग्नात कुणीतरी ऐकवतं. सख्ख्या भावानेही ऐकवलं आहे.

आहे ना एक्सेल. पण स्प्रेडशीट म्हणजे आखलेल्या प्लॉटची वसाहत. डॅन ब्रिकलिनला ही कल्पना हार्वर्डच्या वर्गात सुचली. फळ्यावरचा एक आकडा चुकला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत होते. १९७९ साली त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने ‘व्हिसिकॅल्क’ आणलं. तेव्हापासून प्रत्येक चौकोनाला पत्ता आहे: उभ्या रांगेचं अक्षर, आडव्या ओळीचा क्रमांक. दस्तऐवज मात्र जुन्या वाड्यासारखा. मथळ्याच्या पोटात परिच्छेद, परिच्छेदाखाली यादी, यादीतल्या तिसऱ्या मुद्द्यात तक्ता. उद्या कुणी तो तक्ता उचलून परिशिष्टात नेऊन ठेवतं. तिथे पत्ता कामाचा नाही, माणसाला नावानेच हाक मारावी लागते. म्हणून आम्ही प्रत्येक चौकोनाला एक छुपी ओळख देतो, जी जागा बदलली तरी बदलत नाही. मग गेल्या वर्षीचा तक्ता कॉपी करून यंदाचा केला, तर वाक्यातलं सूत्र जुन्याकडे बघणार की नव्याकडे? अर्धाच तक्ता कॉपी केला तर? असो, यावर आमचे चार महिने गेले आहेत, तुमची चार मिनिटं नकोत.

क्रमाचं मात्र सांगते. कोणतं सूत्र आधी सोडवायचं? डाळ शिजून कट निघाल्याशिवाय कटाची आमटी होत नाही, तसा बहुतेक सूत्रांचा कशावर तरी भार असतो. संगणक या अवलंबनांचा नकाशा काढतो आणि ज्याचा कशावरच भार नाही तिथून सुरुवात करतो. दोन सूत्रं एकमेकांवरच बसलेली असतील तर ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ ही अवस्था येते. तिला आम्ही वर्तुळ म्हणतो आणि तिथेच थांबतो. हे सगळं पुस्तकांत आहे. हे जमण्यात माझी काही हुशारी नाही.

जे पुस्तकांत नव्हतं, ते आमच्या सोसायटीच्या गणपतीत कळलं. आम्हा मराठी मंडळींचा जमाखर्च मी हौसेने आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहायला लावला. पाच जणांनी आपापल्या फोनवरून पाच ओळी भरल्या. मूर्ती ११,०००, मंडप ४२,०००, ढोलताशा १५,०००, आणि इथे नळापेक्षा टँकरवर भरवसा, म्हणून विसर्जनाच्या हौदासाठी टँकर १,२००. महाप्रसादाचे ३८,५०० खजिनदार काकांनी लिहिले. काका बँकेतून निवृत्त झालेले. वर्गणी १,०५,००० जमली होती. वाक्यात सुबक आकडा उमटला: शिल्लक ३५,८०० रुपये. त्या भरवशावर दिवाळी पहाटेच्या गायकांना होकार गेला.

प्रत्यक्षात २,७०० रुपयांची तूट होती. बाकीच्यांनी आकडे इंग्रजीत टाइप केले होते, काकांचा कीबोर्ड मराठी होता. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला देवनागरी ३८ सरळ समजतात. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ते समजत नाहीत, तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. आणि अक्षरं दिसली की बेरजेने ती सोडून पुढे जायचं, हा नियम मीच लिहिला होता.

तो मनाने लिहिला नव्हता. रांगेच्या डोक्यावर ‘रक्कम’ असा शब्द असतो. तो निवडीत आला म्हणून अख्खी बेरीज मोडू नये, यासाठी स्प्रेडशीटमध्ये ही रीत पूर्वापार आहे. पण चौकटींच्या कागदावर माणूस आकडे तपासायच्या नजरेने बसलेला असतो. वाक्यात आलेला आकडा तो वाचतो आणि विश्वास ठेवतो. म्हणून माझं म्हणणं, वाक्यातल्या सूत्राने न कळलेली गोष्ट गिळू नये, ओरडावं. काहीही गाळलं असेल तर आकड्याभोवती लाल चौकट यावी: ‘पाचपैकी चार ओळी मोजल्या.’ यावर कंपनीत मी भांडले. डिझाइनवाल्यांना लाल रंग भीतिदायक वाटतो. प्रॉडक्टवाले म्हणाले, ग्राहकाला पहिल्याच दिवशी चूक दाखवली तर तो परत येत नाही. खोटं नाही तेही. पण गाळलेल्या ओळी केवढ्याला पडतात, हे रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात दिसलं. देशावरचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध सांगणारा हा निबंध जगभरच्या काटकसरवाद्यांनी उचलून धरला होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेलची फाइल तपासली, तर सरासरीच्या निवडीत पाच देश आलेच नव्हते. निबंधावर आक्षेप इतरही होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही निवड.

मी अमळनेरची. सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्लीला मुख्यालय असलेली विप्रो १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपापासून सुरू झाली, हे इथे कुणालाही सांगितल्याशिवाय अमळनेरकराला राहवत नाही. मला मात्र गावातलं वडिलांचं दुकान आठवतं. त्यांच्या खातेवहीत रिकामी जागा तशीच सोडत नसत, आडवी रेघ मारत. पावतीवर आकड्याखाली ‘अक्षरी रुपये’ असेच. एकच रक्कम दोनदा लिहायला लागते म्हणून मी लहानपणी कुरकुर करायचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीही नव्हतं, आणि मला तीन वर्षांत ते आठवलंही नव्हतं.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. ‘माझाच कीबोर्ड चुकला गं,’ म्हणाले. याचा मला अजून राग येतो. मराठी माणसाने मराठीत आकडा लिहिला, त्यात त्याचं काय चुकलं?

देवनागरी आकडे आता मोजले जातात, ती दुरुस्ती एका दुपारची होती. लाल चौकटही तयार आहे. पण ती आपोआप दिसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.