कर्नलचा ड्रायव्हर

घरात सत्ता कोणाची, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पंख्याच्या रेग्युलेटरला हात लावायचा अधिकार कोणाला आहे, तेवढे पाहावे. घरपट्टी भरणारा किंवा विजेचे बिल भरणारा कुटुंबप्रमुख असेलच असे नाही. पंखा दोनावरून तीनावर नेताना ज्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, तो कुटुंबप्रमुख. कचेरीतही हाच कायदा. साहेबांना सर्दी झाली की सहा कारकुनांना घाम येतो.

हा तंटा कोणाच्याही नाकाला मिरची न झोंबता सुटला आहे, अशी एकच जागा माझ्या पाहण्यात आली. ती म्हणजे संगणकाची पेटी. आमच्या चिरंजीवांनी घरच्या संगणकावर लिनक्स बसवले, तेव्हा हे ज्ञान आम्हाला फुकटात मिळाले.

"बाबा, पंख्याचं सगळं कर्नल ड्रायव्हर बघतो."

"कर्नलचा ड्रायव्हर?" स्वयंपाकघरातून पृच्छा झाली. "मिलिटरीतला का रे?"

शेजारचे काका पेपर न्यायला आले होते. ते म्हणाले, "मिलिटरीचा असेल तर उत्तम. शिस्त असते हो त्यांना!"

शिस्त आहे, पण मिलिटरी नाही. हा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्याला एखाद्या चिपची भाषा समजावून सांगणारा दुभाषा. तापमान मोजणाऱ्या आणि पंखे हाकणाऱ्या चिपांच्या दुभाष्यांचे तिथे स्वतंत्र खाते आहे. त्याचे नाव 'एचडब्ल्यूमॉन', म्हणजे हार्डवेअर मॉनिटरिंग. शाळेतला मॉनिटर बडबडणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही, हा तापणाऱ्यांची लिहितो.

त्याची लिहिण्याची तऱ्हा बी.कॉम. माणसाने प्रेमात पडावे अशी आहे. ४५ अंश तापमान तो ४५००० असे मांडतो. गाभ्याच्या कारभारात अपूर्णांक चालत नाहीत, म्हणून अंशाचे हजार भाग करायचे आणि पूर्णांकच लिहायचा. दशांशचिन्ह नाही, म्हणजे ते भलत्या जागी पडायची भीती नाही. पंखा एका फेरीत बहुधा दोन ठोके देतो. ते मोजून मिनिटाच्या फेऱ्या काढायच्या. पंख्याचा जोर ठरवायला ० ते २५५ असे आकडे. आमच्या दिवाणखान्यातल्या रेग्युलेटरला पाच आकडे आहेत आणि त्यांतले तीन सारखेच फिरतात. या नोंदी सहसा कोणीही वाचाव्यात. पण आकडा बदलायचा अधिकार फक्त 'रूट' नावाच्या साहेबाला. पासबुक सर्वांना, सही एकाची!

मोजली जाणारी मंडळी मात्र आपल्यासारखीच, एकेकाचा स्वभाव वेगळा. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर 'मी इतका तापलो' असे सांगतच नाही. कमाल मर्यादेला अजून किती अंश उरले, एवढेच सांगतो. वजाबाकी ड्रायव्हरने करायची. आमच्याकडे कॅश क्रेडिटची गिऱ्हाइके असतात, तसे हे. कर्ज किती झाले ते विचारायचे नाही, अजून किती उचलता येईल ते सांगा!

एएमडीची तऱ्हा त्याहून घरगुती. २०१७ साली आलेल्या त्यांच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांचा नियंत्रणासाठीचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त ठेवलेला होता. कारण काय, तर सगळ्या मॉडेलांना पंख्याचे एकच धोरण लागू पडावे. आमच्या भिंतीवरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे असते, ते याच तत्त्वावर. घड्याळात आठ वाजले की खरे सात चाळीस, हे घरात सर्वांना ठाऊक असते आणि तरीही सर्वांची धावपळ होते. लिनक्सच्या ड्रायव्हरने पुढे ही वीसची वजाबाकी शिकून घेतली. त्याला संसार कळतो.

एवढे करूनही ताप वाढलाच, तर प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. संप नाही, 'नियमानुसार काम'. त्याहून वाढला, तर सरळ बंद पडतो. मग कोणाचेच काही चालत नाही.

पण मला खरे कौतुक वाटले ते तीन बारीकशा कलमांचे. पहिले थिंकपॅड लॅपटॉपचे. त्याच्या ड्रायव्हरमध्ये पंखा आपल्या हाती घेण्याची सोय मुळात बंदच असते. मुद्दाम चालू केली, तरी पहारेकरी बसवता येतो: जास्तीत जास्त १२० सेकंदांत नवा हुकूम आला नाही, तर तो पंखा पुन्हा सुरू करून देतो. हुकूम सोडून चहाला गेलेल्या साहेबावर किती योग्य अविश्वास! दुसरे कलम शून्याचे. पंख्यावर नियंत्रण कसले, या नोंदीत शून्य लिहिले, तर पंखा बंद होत नाही, पूर्ण वेगाने फिरतो. कोणी वाली उरला नाही, तर वारा पुरेपूर. आपल्याकडे वाली नाहीसा झाला की आधी वारा बंद होतो.

तिसरे कलम 'फॉल्ट'चे. तिथे १ दिसला, की समजायचे, या सेन्सरच्या आकड्यावर विसंबू नका.

हे कलम वाचले आणि मला नोव्हेंबर २०१६ आठवला. नोटा रद्द झाल्या होत्या, रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि आमच्या शाखेतला रोखपाल सकाळपासून खुर्चीवरून उठला नव्हता. कोणीही विचारले की त्याचे उत्तर एकच, "ठीक आहे." अकराला ठीक आहे, दोनला ठीक आहे, चारला ठीक आहे. साडेचारला तो नोटांच्या गड्ड्यांवर डोके टेकून निपचित झाला. सुदैवाने थोडक्यात निभावले. शुद्धीवर येऊन डोळे उघडल्यावर तो पहिले वाक्य काय बोलला, ते सुज्ञांस सांगणे नलगे.

दिवसभर एकच आकडा दाखवणारा सेन्सर थंड नसतो, बिघडलेला असतो. यंत्रवाल्यांनी त्यासाठी वेगळी नोंद ठेवली. माणसांच्या खात्यात ती नाही; 'ठीक आहे' हीच नोंद खरी धरून आपण ताळेबंद जुळवतो.

परवा बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री चिरंजीव पुस्तकावर वाकून बसले होते. "कसं चाललंय?" मी विचारले. मान वर न करता उत्तर आले, "ठीक आहे."

मी काही बोललो नाही. त्याच्या आईला हाक मारली. तिने कपाळाला हात लावला, पुस्तक मिटले आणि म्हणाली, "झोप आता."

तो झोपला. हुकूम रूटचा होता.