उजेडाचा ताळेबंद

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला छायाचित्रणाचा छंद जडला. सांगलीच्या लख्ख उन्हात कृष्णाकाठचे घाट, पक्षी, घरातील मंगलकार्ये टिपताना आपल्याला ही कला साधली, असे वाटू लागले होते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनला गेलो आणि हा समज गळून पडला. दहा वर्षांचा नातू तेथे आइस हॉकी खेळतो. तो गोलरक्षक आहे. ‘‘आजोबा, माझे फोटो काढाल ना?’’ एवढेच तो म्हणाला.

बंदिस्त क्रीडागृहातील बर्फाचे मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. तेथील उजेड डोळ्यांना पुरतो, कॅमेऱ्याला पुरत नाही. पहिल्या सामन्याची छायाचित्रे पाहून मी खजील झालो. खेळाडू धुराच्या लोटासारखे दिसत होते आणि शुभ्र बर्फ राखाडी झाला होता.

मग माझ्यातील वाणिज्य शाखेचा जुना विद्यार्थी जागा झाला. छायाचित्र हा अखेर उजेडाचा जमाखर्चच. धावता खेळाडू स्थिर टिपायचा, तर शटर सेकंदाच्या 1/500 भागापुरतेच उघडता येते; त्यामुळे उजेडाची आवक घटते. ती तूट भरण्यासाठी भिंगाचे छिद्र एफ 2.8 पर्यंत मोठे करावे, तर मागचे-पुढचे अस्पष्ट होते. उरलेली तूट आयएसओ 3200 किंवा 6400 करून भागवायची आणि त्याचे व्याज म्हणून चित्रावरचा रवाळपणा सोसायचा. फ्लॅश वर्ज्यच, तो काचेवरून उलटतो आणि खेळाडूंचे डोळे दिपवतो.

बर्फ प्रकाशमापकालाही फसवतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेरा शुभ्रता काळवंडून टाकतो. म्हणून त्याने सुचवल्यापेक्षा सुमारे एक स्टॉप अधिक उजेड द्यावा लागतो. शिवाय तेथील जुने दिवे 60 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 120 वेळा मंद आणि तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लागोपाठच्या दोन छायाचित्रांपैकी एक उजळ तर दुसरे पिवळट निघते. भिंग संरक्षक काचेला अगदी टेकवून धरले, की काचेवरील ओरखडे मात्र चित्रात उमटत नाहीत.

चार-पाच सामन्यांनंतर हात बसला आणि एके शनिवारी मनासारखे छायाचित्र मिळाले. नातवाच्या मुखवट्याची जाळी, उडालेला बर्फाचा चुरा, सारे रेखीव. त्यातच, त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेलेली तीन इंच व्यासाची ती काळी रबरी चकतीही. त्या गोलने त्यांचा संघ हरला होता.

परतताना गाडीत तो एक शब्दही बोलला नाही. रात्री मुलगा हलकेच म्हणाला, ‘‘अण्णा, तेवढा फोटो काढून टाका.’’ खातेवहीतील चुकीची नोंद पुसायची नसते. ती वाचता येईल अशी रेघ मारून तिच्याशेजारी सही करायची, हे मी कनिष्ठांना वर्षानुवर्षे शिकवले. तरीही त्या रात्री माझे बोट दोनदा त्या कळीवर गेले.

सकाळी नातवाने स्वतःच कॅमेरा मागितला. मी तो दिला. एकेक चित्र पाहत तो तेथे येऊन थांबला. बराच वेळ त्याने ते मोठे करून न्याहाळले. ‘‘आजोबा, माझा डावा गुडघा बघा. खाली यायला उशीर झालाय. हा फोटो मला हवा.’’

मी म्हटले, ‘‘जरा रवाळ आलाय रे.’’

‘‘त्याने काय होतं? गुडघा दिसतोय ना!’’ असे म्हणून तो दिवाणखान्यातील गालिच्यावर गुडघे टेकवण्याचा सराव करू लागला.