डोळ्याचं काम, कागदाचं काम

गुलाबी हिरा भिवंडीतल्या सराफाच्या ट्रेमध्ये तयार मांडलेला नसतो. गिऱ्हाइकाने विचारलं की मुंबईला फोन जातो आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, दोन-तीन खडे जांगडावर येतात. जांगड म्हणजे विक्री नव्हे, पसंतीसाठी विश्वासाने दिलेला माल. सोबतच्या चिठ्ठीवर वजन, भाव आणि परत करायची मुदत असते. घडी घातलेली कागदी पुडी उघडते, चिमट्याने खडा उचलला जातो आणि समोरून हमखास प्रश्न येतो, "एवढासाच?"

प्रश्न रास्त आहे. आतापर्यंत गिऱ्हाइकाच्या घरात दागिना वजनाने घेतला गेला. साखरपुड्याला मुलीच्या बोटात सोन्याची अंगठी, फार तर तिच्यावर अमेरिकन डायमंडचा खडा, असा शिरस्ता. मुलीने मात्र मोबाइलवर भलताच फोटो जपून ठेवलेला असतो. २००२ साली हॉलिवूडचा नट बेन ॲफ्लेक याने जेनिफर लोपेझला दिलेला गुलाबी हिरा सहा कॅरेटहून थोडा जास्त होता आणि तेव्हापासून साखरपुड्यासाठी गुलाबी खडा मागायची हौस जगभर पसरली. ट्रेवर पडलेला खडा असतो पंधरा सेंटचा. शंभर सेंटचा एक कॅरेट आणि पाच कॅरेटचा एक ग्रॅम, हा हिशेब मनात करून मुलाची आई हळूच म्हणते, "अहो, यात चांगली चेन येईल की."

सराफ वाद घालत नाही. तो आधी खाणीची गोष्ट सांगतो, कारण भाव तिथून सुरू होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइल खाणीत १९८३ साली हिऱ्यांचं उत्पादन सुरू झालं. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे या एका जागेतून आले. तरी तिथल्या एकूण मालात गुलाबीचा वाटा एक टक्काही नव्हता. बाकीचा बराचसा माल लहान आणि तपकिरी होता. त्याला पैलू पाडता पाडता सुरतचे कारखाने वाढले. नोव्हेंबर २०२० मध्ये खाण बंद झाली. आता बाजारात फिरतो तो मुख्यतः पूर्वीच काढलेला माल, आणि इतर खाणींतून अधूनमधून निघणारा एखादा खडा.

हा रंग येतो कसा, हेही विलक्षण आहे. पिवळ्या हिऱ्यात नायट्रोजन असतो, निळ्यात बोरॉन. बहुतेक गुलाबी हिऱ्यांत मात्र असं कुठलंच रंग देणारं द्रव्य सापडत नाही. जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाने आणि उष्णतेने स्फटिकाचे थर किंचित सरकले, मुरडले; त्या मुरडीतून जाताना प्रकाशातला हिरवा भाग शोषला जातो आणि उरलेला उजेड गुलाबी दिसतो. मुरड थोडी जास्त झाली तर हिरा तपकिरी होतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी रंग अनेकदा अंगभर सारखा नसतो, बारीक रेघांमध्ये साठलेला दिसतो.

खडा निवडताना गिऱ्हाईक नेमकी उलटापालट करतं, असं या धंद्यात मुरलेल्यांचं मत आहे. सौंदर्य ठरवायला सर्टिफिकेट वाचलं जातं आणि अस्सलपणा ठरवायला डोळ्यावर भरवसा ठेवला जातो. खरं तर रंग पाहणं हे डोळ्याचं काम, आणि खड्याचा जन्म तपासणं कागदाचं.

पांढऱ्या हिऱ्यात रंग म्हणजे उणेपणा. म्हणून त्याची प्रत लावताना तो पालथा घालून बघतात, म्हणजे लपलेली पिवळट झाक उघडी पडते. रंगीत हिरा याउलट तोंडावरून जोखतात, बोटात तो दिसेल तसाच. हिरे तपासणाऱ्या जीआयए या संस्थेच्या अहवालात अगदी फिक्याला ‘फेंट’, मग चढत चढत ‘फॅन्सी लाइट’, ‘फॅन्सी’, ‘फॅन्सी इंटेन्स’, ‘फॅन्सी व्हिव्हिड’ अशी नावं असतात. ‘पर्पलिश पिंक’ असं लिहिलं असेल तर शेवटचा शब्द मुख्य रंगाचा आणि आधीचा झाक सांगणारा. जांभळट झाक बहुतेकांना भावते. तपकिरी झाकेमुळे भाव उतरतो, पण सावळ्या हातावर तीच झाक ऊबदार दिसू शकते, आणि हे कुठल्याही अहवालात लिहिलेलं नसतं. आतले बारीक दोष पांढऱ्या हिऱ्यात भाव पाडतात, गुलाबीत ते बऱ्याच अंशी माफ असतात.

भिवंडीच्या गिऱ्हाइकाला इथे फार शिकवावं लागत नाही. यंत्रमागाच्या या गावात कापडाचा व्यापारी शेड जुळवायची झाली की तुकडा घेऊन दुकानाच्या दारात जातो. ट्यूबलाइटखालच्या रंगावर तो सौदा करत नाही. खड्याचंही तसंच. शोरूमचे पिवळसर दिवे गुलाबीला खुलवतात आणि तपकिरी झाक झाकतात. म्हणून खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून दारापाशी न्यायचा, थेट ऊन टाळून दिवसाच्या उजेडात पाहायचा, मग दोन बोटांच्या बेचक्यात धरून पुन्हा पाहायचा. एकटा खडा बघून काही कळत नाही. तीन शेजारी ठेवले की मघाशी गुलाबी वाटलेला एक एकदम फिका पडतो. मोठ्या फिक्या खड्यापेक्षा लहान गडद खडा महाग का, हे तेव्हा न सांगता कळतं आणि "एवढासाच" हा शब्द पुन्हा ऐकू येत नाही.

घाटाचा विचार त्यानंतर. गोल ब्रिलियंट घाट उजेड झपाट्याने परत फेकतो, त्यात रंग पातळ होतो. कुशन किंवा रेडियंट घाटात उजेड आत जास्त घोळतो आणि रंग साठल्यासारखा दिसतो. कोंदणही रंगाला हात देतं. जुने कारागीर कुंदनकामात खड्यामागे वर्ख घालून त्याला तेज आणत. आज तेच काम गुलाबी सोन्याची बैठक करते. सोन्यात तांबं जास्त असल्याने तिची लाली खड्यात उतरते. यात लबाडी काही नाही, फक्त सुटा खडा गिऱ्हाइकाने आधी पाहिलेला हवा. बावीस कॅरेटचा आग्रह इथे सोडावा लागतो, कारण ते सोनं मऊ असतं आणि नख्यांची पकड सैलावते. अठरा कॅरेट म्हणजे पंचाहत्तर टक्के सोनं, हे आईला नीट समजावून सांगावं लागतं. ज्या घरात सुताचे कोन आणि कापडाचे तागे हाताळले जातात, तिथे उंच नख्यांची अंगठी धाग्यात अडकते. चहूबाजूंनी बंद कोंदण बरं.

आता कागदाचं काम. ते का लागतं, हे एका जुन्या हिऱ्यावरून कळतं. हैदराबादच्या निजामाकडचा ३४.६५ कॅरेटचा गोवळकोंड्याचा गुलाबी हिरा १९६० मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. तो घेणाऱ्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीने पॅरिसच्या समारंभात त्याचं नाव ‘प्रिन्सी’ ठेवलं. हे बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गायकवाड यांच्या मुलाचं, सयाजीरावांचं, लाडाचं नाव. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याला ३ कोटी ९० लाख डॉलरहून जास्त किंमत आली. अतिनील दिव्याखाली हा हिरा नारिंगी-तांबडा झळकतो. गोवळकोंडा जातीच्या अशा अगदी मोजक्या खड्यांत गुलाबी रंग मुरडीने येत नाही; कार्बनच्या जाळीत एक नायट्रोजन अणू आणि शेजारी एक रिकामी जागा असते, त्यातून तो येतो.

प्रयोगशाळेतले अनेक गुलाबी हिरे जाळीतला हाच दोष मुद्दाम घडवून बनवतात. मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूत काही आठवड्यांत हिरा वाढवायचा, त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा आणि मग तापवायचा. तो रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. दुकानातलं पेनसारखं डायमंड टेस्टर उष्णता किती वेगाने वाहते ते मोजतं, त्यामुळे नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतल्या, दोन्ही खड्यांवर ते सारखंच वाजतं. आयग्लासमधून पाहून "नैसर्गिक आहे" असं छातीठोक सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो.

म्हणून अहवालातली एक ओळ आधी वाचायची: रंगाचं मूळ. तो नैसर्गिक, की प्रक्रिया केलेला, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या अहवालावर तसा स्पष्ट उल्लेख असतो. खड्याच्या कमरेवर लेझरने क्रमांक कोरलेला असेल तर तो अहवालाशी जुळवायचा. काही फिक्या हिऱ्यांना नुसता गुलाबी थर दिलेला असतो. अंगठीचं माप बदलताना दिव्याच्या ज्योतीने तो थर जातो आणि भांडण दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या गळ्यात पडतं.

प्रयोगशाळेतला खडा घेण्यात कमीपणा काही नाही. नैसर्गिक गडद गुलाबीचा एक कॅरेट कोटींत जातो. त्या रंगाची हौस असलेल्या पगारदार जोडप्याला दुसरी वाट नसते. मात्र असा खडा विकायला परत आणला तर फारच कमी पैसे येतात, हे विकण्याआधी सांगायला हवं. मधे पांढरा हिरा आणि भोवती बारीक नैसर्गिक गुलाबी खड्यांची वेल, असाही एक पर्याय आहे. मुलाच्या आईला बहुधा तोच पटतो, कारण अंगठी भरगच्च दिसते.

भारतीय मानकानुसार नुसता ‘हिरा’ हा शब्द नैसर्गिक खड्यासाठीच वापरता येतो. प्रयोगशाळेतला असेल तर तसं लिहावं लागतं. त्यामुळे बिल सविस्तर हवं: सोन्याचं निव्वळ वजन, ७५० ची शुद्धता, हॉलमार्कचा सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक, खड्याचं वजन वेगळं, अहवालाचा क्रमांक, मजुरी, तीन टक्के जीएसटी. परत घेताना सोन्याचे किती आणि खड्याचे किती धरणार, हेही त्याच कागदावर मागावं. बहुतेक गिऱ्हाइकं हे विचारतच नाहीत. विचारते ती मुलाची आई, आणि लिहून घेतल्याशिवाय उठत नाही.