जुन्या संगणकाला मानवणारी आवृत्ती

घरातल्या जुन्या संगणकावर कोणत्या आवृत्त्या टाकायच्या हे दोन टोकांकडून ठरते. यंत्राचे सुटे भाग वरची मर्यादा घालतात आणि ब्राउझर खालची. मधे जी जागा उरते तिच्यातच निवड करायची असते आणि ती जागा दरवर्षी आक्रसत जाते.

२००९-१०च्या सुमारास घरोघरी आलेला डेस्कटॉप घ्या : कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम. प्रोसेसर ६४ बिटचा असल्यामुळे काहीही चालेल असे वाटते. पण जी३१ वर ४ जीबीच्या पुढे रॅम घेता येत नाही आणि त्यातल्या अंगच्या ग्राफिक्ससाठी इंटेलचे ड्रायव्हर विंडोज ७ पाशीच थांबतात. विंडोज १० त्यावर चढते, चालतेही. मात्र पडद्याचे काम मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावे लागते आणि व्हिडिओ अडखळतो. शिवाय विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती या मदरबोर्डवर नाही. ही अट चुकवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, पण २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला ‘पॉपकाउंट’ ही आज्ञा कळली नाही तर विंडोज सुरूच होत नाही, आणि कोअर टू ड्युओला ती कळत नाही. तिथे युक्ती चालत नाही.

म्हणजे या यंत्राला खरी मानवते ती विंडोज ७. अडचण अशी की तिचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, फायरफॉक्सची ११५ ईएसआर. लिब्रेऑफिसनेही २५.८ पासून विंडोज ७ सोडले. इतर सॉफ्टवेअर जुने असले तरी फारसे बिघडत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या वर्ड प्रोसेसरात पत्र लिहिता येतेच. ब्राउझरचे तसे नाही. तो रोज अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड चालवतो, बँकेचा पासवर्डही त्याच्याच हातून जातो. म्हणून आधी चालू ब्राउझर ठरवावा आणि तो जिच्यावर चालेल अशी ऑपरेटिंग सिस्टिम मग शोधावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

या हिशेबाने वरच्या डेस्कटॉपवर लिनक्स येते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते, ४ जीबीवर बरी चालते, आणि जी३१ च्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर तिच्या कर्नेलमध्येच असतो. टाकण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहावी. आवाज येतो का, वायफाय दिसते का, झोपवलेले यंत्र पुन्हा जागे होते का, हे डिस्कला हात न लावता कळते. प्रिंटर मात्र तेव्हाच जोडून बघावा. घरोघरी दिसणारा एचपी लेझरजेट १०२० आपले फर्मवेअर स्वतःकडे जपून ठेवत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते त्याला पाठवावे लागते. लिनक्सवर त्यासाठी एचपीचे वेगळे प्लगइन लागते. ते टाकले नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद ओढत नाही.

एक बिघाड आवृत्तीचा वाटतो, पण नसतो. कोणतेही संकेतस्थळ उघडले की प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा येतो आणि घरातले सगळे ब्राउझर बदलत बसतात. कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. २००९ सालची तारीख दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे. तो बदलून तारीख नीट लावली की काम होते.

मराठी डीटीपी करणाऱ्यांची गोष्ट निराळी. पेजमेकर ७.० ही २००१ सालची शेवटची मोठी आवृत्ती, तिला युनिकोड कळत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत बसवलेली पुस्तके त्या फॉन्टांशिवाय उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. त्यात अशा सॉफ्टवेअरचा परवाना तपासणाऱ्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा असला तर ६४ बिटचे विंडोज त्याला दारातच अडवते. इथे नव्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ३२ बिटची एक्सपी किंवा विंडोज ७ आहे तशी ठेवावी, नेटपासून तोडावी, आणि ड्रायव्हर, फॉन्ट व सेटअपच्या फायली दोन ठिकाणी जपाव्यात, कारण कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून त्या गुपचूप नाहीशा होतात. मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र पुढे ढकलू नये.

खर्च करायचाच तर रॅम ४ जीबी करावी आणि साटा एसएसडी बसवावी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली की जो फरक पडतो तो कोणत्याही आवृत्तीने पडत नाही. ६४ बिटच्या यंत्राला एवढे पुरते. प्रोसेसरच ३२ बिटचा असेल तर वाट जवळपास संपली आहे : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. असे यंत्र टायपिंगला, जुन्या खेळांना, गाणी ऐकायला खुशाल वापरावे. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.