पायाखालचा परभणी जिल्हा

बालमित्रांनो, हा अंक हातात घेऊन तुम्ही आत्ता कुठे बसला आहात? ओसरीवर, स्वयंपाकघरात की शाळेच्या वर्गात? कुठेही असा, एकदा खाली बघा बरं. काय दिसतं? सारवलेली भुई? राखाडी शहाबादी? ठिपक्याठिपक्यांची मोझॅक? की तोंड दिसेल अशी चकचकीत टाइल? भिंतीवरचं चित्र आपण बघतो, फिरणारा पंखा बघतो. पण दिवसभर जिच्यावर चालतो, बसतो, जेवतो, त्या फरशीकडं कोण बघतं? म्हणून आज आपण परभणी जिल्ह्याची सहल करू या, पण मान खाली घालून!

सहलीची सुरुवात शेतातून. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या आमच्या जिल्ह्यात काळीभोर माती आहे. कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन तिच्यात झकास येतात. पण शेतकऱ्याची ही लाडकी माती गवंड्याला मात्र रडवते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. या मातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती वर येते, वाळली की खाली बसते. आता सांगा, अशा वरखाली होणाऱ्या मातीवर थेट फरशी बसवली तर काय होईल? फरशी फुटेल, नाहीतर कोपरा तरी खचेल.

आपल्या पूर्वजांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून गावच्या जमिनीला त्यांनी दोन नावं दिली : पिकवायची ती 'काळी' आणि राहायची ती 'पांढरी'. पांढरीची माती काळीसारखी फुगत नाही. भिंती तिच्याच, माळवदावर अंथरायची तीही तिच्यातलीच. घरातली भुई करताना मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं आणि चोपण्यानं चोपून चोपून गुळगुळीत करायचं. मग वरून शेणाचं सारवण. भिंतीला पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात आणि खाली काव किंवा गेरूचा पट्टा. खर्च थोडा, मेहनत फार. ही मेहनत घरातल्या बायकांची असे, आणि सणावाराला पुन्हा सगळं पहिल्यापासून! 'जुनी भुई किती छान' असं म्हणताना वाकून वाकून दुखलेली आजीची कंबर विसरायची नाही बरं का.

आता जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जाऊ. इथं शेकडो वर्षांपूर्वीची दगडी मंदिरं आहेत. सगळा दगड काळा. हा आपल्या घरचाच दगड! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरांवर थर साचले आणि थंड होऊन त्याचा बेसॉल्ट झाला. आपली काळी माती म्हणजे याच दगडाचा युगानुयुगं झालेला भुगा. म्हणजे गंमत बघा, मंदिर आणि कापसाचं शेत एकाच आईची लेकरं!

भर उन्हाळ्यात सावलीतल्या दगडावर पाय ठेवा. गार वाटतं ना? दगड आपल्या तळपायातली उष्णता चटकन ओढून घेतो. घोंगडीला ते जमत नाही, म्हणून ती उबदार लागते. पारा 44 अंशांवर जाणाऱ्या आमच्या परभणीत दुपारी सगळे फरशीवर आडवे का होतात, ते आता कळलं असेल.

पण बेसॉल्ट टणक. त्याच्या पातळ लाद्या काढणं कष्टाचं काम. मग घराघरांत कोणती फरशी आली? शहाबादी! शहाबाद हे गाव कर्नाटकातल्या कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात आहे. एके काळी परभणी आणि शहाबाद दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि ती दोन वेगळ्या राज्यांत गेली. फरशीला मात्र सीमा ठाऊक नाही.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ थराथरानं बसला, म्हणून हा दगड आपणहून पापुद्र्यांत सुटतो आणि लाद्या सोप्या निघतात. समुद्रापासून इतक्या दूर राहणारे आपण एका फार जुन्या समुद्राच्या तळावर बसून वरण-भात खातो!

पुढं मोझॅक आली. संगमरवराच्या चुऱ्याचे ठिपके सिमेंटमध्ये बसवायचे आणि घासून चकाकी आणायची. नक्षीदार सिमेंट टाइल्सही होत्या. परदेशातून येणाऱ्या टाइल्सना आपल्या देशातच तोड द्यायची, या स्वदेशीच्या विचारानं 1922 साली 'भारत फ्लोअरिंग टाइल्स' हा कारखाना सुरू झाला होता. राजस्थानातून कोटा आला, मकराण्याचा संगमरवर आला. आणि आता दुकानादुकानांत आहे ती व्हिट्रिफाइड टाइल. तिचं मोठं माहेर गुजरातमधलं मोरबी. माती आणि खनिजांची पूड दाबून सुमारे 1200 अंश तापमानाला भाजतात. ती इतकी घट्ट होते की शंभर ग्रॅम टाइल अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी पीत नाही.

एवढे प्रकार असले की घरोघरी वाद होणारच. आमच्याच गल्लीत एका घराचं काम निघालं होतं. घर पस्तीस वर्षांचं. बैठकीचा एक कोपरा खचलेला, भिंतीला ओल. वडिलांना बैठकीत पांढराशुभ्र संगमरवर हवा होता. मुलांना सगळीकडं चकचकीत टाइल हवी होती. आजी म्हणाल्या, "मला त्या आरशावर चालवू नका बाबांनो. पाय सटकला तर उठवायला कोण?" कुणी फार लक्ष दिलं नाही. पण मिस्त्रींनी खचलेल्या कोपऱ्याची फरशी उचलली आणि सगळे गप्प झाले. खाली मुरमाचा पत्ता नव्हता, नुसती काळी माती! मिस्त्री मला म्हणाले, "बाई, फरशी दिसती, भर दिसत नाही. पर फरशीला सांभाळती ती भरच."

प्रश्न पैशाचा होता. काळी काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थर थर ठोकायचा, वर काँक्रीट टाकायचं, तर संगमरवराला पैसे उरत नव्हते. दिसणारी चकाकी घ्यायची की न दिसणारी भर? दोन दिवस घरात चर्चा झाली आणि संगमरवर रद्द झाला. बैठकीत कमी चकाकीची साधी टाइल आली. मोरीत आणि अंगणाच्या पायरीवर पाय न घसरणारी खरबरीत फरशी. आणि आजींच्या खोलीत? तिथली जुनी शहाबादी हळूच उचलून, भर घालून, पुन्हा तीच बसवली आणि घासून घेतली. आजी आता तिच्यावर बसून निवांत तांदूळ निवडतात.

भिंतींचंही तसंच. ओल असलेल्या भिंतीला ऑइलपेंट फासला की आतलं पाणी कोंडतं आणि रंगाचे पोपडे सुटतात. चुन्यातून मात्र ओल बाहेर पडू शकते. म्हणून आधी ओलीचं कारण शोधायचं, रंगाचं कार्ड नंतर उघडायचं.

तुमच्याकडं काम निघालं तर तुम्हीही मदत करू शकता. माझ्या चौथीच्या वर्गाला मी तीन कामं दिली होती, ती तुम्हालाही देते.

पहिलं गणिताचं. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद. म्हणजे 120 चौरस फूट. फरशी 2 फूट बाय 2 फूट, म्हणजे 4 चौरस फूट. लागतील 30 फरश्या. तुटफूट आणि कापण्यासाठी दहा टक्के जास्त धरा : एकूण 33. आता स्वतःची खोली मोजा.

दुसरं विज्ञानाचं. टाकून दिलेल्या तुकड्यांवर लिंबाच्या रसाचा एकेक थेंब टाका आणि थोड्या वेळानं पुसून बघा. शहाबादी, कोटा आणि संगमरवर यांच्यात चुनखडी असते, त्यामुळं आंबट रसानं त्यांची चकाकी मरते. म्हणूनच असल्या फरशीवर ॲसिड ओतायचं नसतं. बसवलेल्या फरशीवर हा प्रयोग करू नका हं, नाहीतर ओरडा मी नाही, तुम्ही खाल!

तिसरं निरीक्षणाचं. मिस्त्री एक पारदर्शक नळी पाण्यानं भरून दोघं दोन टोकांना धरतात. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, त्यावरून फरशीची पातळी कळते. मोरीकडं मात्र मुद्दाम थोडा उतार ठेवतात. तो किती ठेवला, ते त्यांना विचारा.

आणि हो, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत लहान बाळाला विसरू नका. फरशीशी सर्वांत जास्त संबंध त्यांचाच. बाळाला बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीनं तुम्हीच मिस्त्रींना विचारा, "काका, ओली झाल्यावर ही घसरते का? आणि हिच्या खाली काय भरलंय?"