पेढीचे नवे कुलूप

जुन्या काळचा पेढीवाला रात्री दुकान बंद करताना कुलूप लावी आणि ते दोनदा ओढून पाही. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कनवटीला असे, रोकड तिजोरीत आणि खतावणी लाल फडक्यात बांधलेली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या वह्यांचीही पूजा होई, आणि त्यामागे एक व्यवहारी शहाणपण होते. कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, हेच पुसले गेले तर भरलेल्या तिजोरीचाही फार काळ उपयोग नसतो.

आता ती वही संगणकात आणि मोबाइलमध्ये गेली आहे. किराणा दुकानदार असो, छापखान्याचा मालक असो की सुटे भाग तयार करणारा लहान कारखानदार, त्याच्या मालाच्या मागण्या, कराची विवरणे, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार तेथेच असतात. वही बदलली; कुलूप ओढून पाहण्याची सवय मात्र तिच्यामागोमाग आली नाही. ‘आमच्या एवढ्याशा धंद्यात चोराला काय मिळणार?’ असे अनेकजण विचारतात. प्रश्न विनयाचा वाटतो, पण त्यात गफलत आहे. संगणकावरचा चोर घर पारखून येत नाही. त्याने सोडलेल्या आज्ञावली हजारो दारे एकाच वेळी ढकलून पाहतात आणि जे उघडे सापडेल त्यातून आत शिरतात. शिवाय लहान घर ही कित्येकदा मोठ्या वाड्यात जाण्याची वाट असते. २०१३ मध्ये अमेरिकेतील ‘टार्गेट’ या बलाढ्य दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर शिरले होते ते शीतयंत्रांची कामे करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराचा परवलीचा शब्द वापरून.

इंग्लंडमधील एका मालवाहतूक कंपनीची कथा याहून विषण्ण करणारी आहे. ‘केएनपी’ या कंपनीचा धंदा १८६५ पासून चालत आलेला होता. पदरी सुमारे पाचशे मालमोटारी होत्या. २०२३ मध्ये खंडणीखोरांनी तिची सारी नोंदवही कुलूपबंद केली आणि ती उघडण्यासाठी पैसे मागितले. एका कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द ओळखून ते आत आले, असे मानले जाते. त्याच वर्षी कंपनी बंद पडली आणि सुमारे सातशे माणसांचा रोजगार गेला. तो परवलीचा शब्द आपला होता, हे त्या कर्मचाऱ्याला कळविले नसल्याचे संचालकांनी पुढे सांगितले.

परवलीचा शब्द ही नव्या पेढीची किल्ली. स्वतःचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेली किल्ली म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली किल्लीच होय. शब्द लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, आणि शक्य तेथे त्याच्या जोडीला मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाचे दुसरे कुलूप असावे. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचे प्रवेशाधिकार त्याच दिवशी काढून घ्यावेत; किल्ली परत घेतल्याशिवाय जुना मालक तरी कोणास निरोप देत होता?

पूर्वी हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’, म्हणजे तिची दुसरी प्रत काढीत. तीही हरवली तर ‘परपेठ’. हिशेबांच्या प्रतींना हाच न्याय लागू पडतो. एक प्रत तरी संगणकापासून आणि महाजालापासून तोडलेली हवी, कारण जोडून ठेवलेली प्रत मूळ वहीबरोबरच कुलूपबंद होते. ती प्रत उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे.

संगणकप्रणालीच्या सुधारणा पुढे ढकलणे हा आणखी एक सार्वत्रिक आळस. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील संगणक अडवून धरले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.

पण पुष्कळदा चोराला कुलूप तोडावेच लागत नाही, धनीच दार उघडतो. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी,’ असे नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने पत्र येते. नाव तेच, मजकूर तसाच. ई-पत्त्यातले एखादे अक्षर तेवढे वेगळे. अशा वेळी पत्रातला दूरध्वनी क्रमांक न वापरता आपल्याकडील जुन्या क्रमांकावर विचारून घ्यावे. दुकानात पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात.

आणि एवढे करूनही घात होतोच. तेव्हा सर्वांत महाग पडते ती लपवाछपवी. चुकीच्या दुव्यावर बोट ठेवणारा नोकर मालकाच्या धाकाने दोन दिवस गप्प बसतो आणि तोवर रक्कम चार खाती फिरून नाहीशी होते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. तेथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव विचारतात. म्हणून भेदरून संदेश पुसून टाकू नयेत, बँकेलाही लगोलग कळवावे, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत, कागदाच्या वहीत, टिपून ठेवावा.